हप्ता नेमका कितव्या दिवशी भरला?

प्रश्न (दारव्हा तालुका, यवतमाळ): बाबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर डोळ्याच्या खोबणीत पसरला. दुखणं कमी व्हावं म्हणून 2025 मध्ये नागपूरला रेडिएशन दिलं. 2018 पासून मेडिक्लेम आहे. 'लघवीचा जुना त्रास लपवला' म्हणून कंपनीने क्लेम फेटाळला. फॉर्म एजंटने भरला होता, बाबांनी न वाचता सही केली; आता एजंट 'बघतो, सांगतो' म्हणतोय. 2021 मध्ये हप्ता थोडा उशिरा भरला होता. काय करावं?

उत्तर: 'थोडा' म्हणजे किती दिवस? अशा पत्रांत आजाराची अख्खी हकिगत असते, तारीख मात्र कोणी लिहीत नाही.

पॉलिसी सलग 60 महिने चालली, की आधीचा आजार सांगितला नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. 2024 पूर्वी हीच मुदत 8 वर्षं होती. वार्षिक हप्ता उशिरा भरायला 30 दिवसांची सवलत असते. त्या आत पैसे गेले असतील तर तुमची मोजणी 2018 पासून, आणि कंपनीचं कारण टिकणं अवघड. ते 30 दिवस उलटून, कापूस विकून दिवाळीनंतर भरला असेल तर मोजणी 2021 पासून नव्याने, आणि 2025 चा क्लेम 60 महिन्यांच्या आत सापडतो. म्हणून बँकेच्या पासबुकातली ती नोंद शोधा. पॉलिसीच्या पहिल्या पानावर सुरुवातीची तारीख 2018 छापली आहे की 2021, तेही बघा. विम्याची रक्कम मध्ये वाढवली असेल तर वाढीव रकमेची मोजणी वेगळी.

खंड पडला असला तरी सगळं संपलं असं नाही. उतारवयात लघवीचा त्रास बहुतेक पुरुषांना होतो. त्यावरून कॅन्सर लपवला असं ठरत नाही. पण फॉर्म एजंटने भरला आणि बाबांनी न वाचता सही केली, हे सिद्ध करणं सोपं नसतं. 'उपचार फक्त आराम देणारा होता' असं कंपनीने पुढे काढलं तर तुमच्या पॉलिसीची कलमं पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या, पोच ठेवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. फी नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगाकडे आधी धावू नका, कारण तिथे प्रकरण चालू असलं की लोकपाल हात लावत नाही. शिवाय तिथे कायद्यात निकालाला 3 महिने लिहिलेत आणि पडतात त्या तारखा. बाबांची तब्येत बघता ते परवडणारं नाही. तरी तो रस्ता बंद होऊ देऊ नका. तक्रार यवतमाळलाच करता येते, मुदत 2 वर्षं, आणि ती क्लेम फेटाळल्याच्या पत्रापासून चालू झाली आहे. एजंटच्या 'बघतो, सांगतो'मध्ये त्यातले किती महिने गेले, ते तुम्हीच मोजा.