किती व्यायाम करायचा, हे त्यांना ठरवू द्या

पत्र : यजमानांना (वय ६१) पाच महिन्यांपूर्वी लकव्याचा झटका आला. उजवा हात आणि पाय दुबळा आहे. काठी घेऊन घरात चालतात. बोलणं संथ झालंय, पण सगळं समजतं. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. फिजिओथेरपिस्ट दोन महिने घरी येत होते, पण परवडेना म्हणून बंद केलं. आता मुलगा त्यांच्याकडून दोरी-पुलीवर हात शंभर वेळा वर-खाली करून घेतो आणि बॉल दाबायला लावतो. एक दिवस ते जोरात करतात, मग दोन दिवस पलंगावरून उठत नाहीत. खांदा दुखतो म्हणतात. मी मागे लागले की चिडतात. नातेवाईक सांगतात, सहा महिन्यांत जे सुधारेल तेवढंच. मग आता महिनाच उरला! किती व्यायाम करून घेऊ? – एक वाचक, सांगली जिल्हा

ताई, आज घरी सगळ्यांत आधी ती दोरी आणि पुली उतरवून ठेवा. लकव्यानंतर खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडतात आणि हात सांध्यातून किंचित खाली उतरतो. डाव्या हाताने दोरी ओढली की उजवा हात नुसता वर खेचला जातो, पाठीवरचं खांद्याचं पातं त्याच्याबरोबर फिरत नाही. मग सांध्यातला मऊ भाग हाडांमध्ये चिमटतो. शंभर वेळा चिमटला तर दुखणारच, आणि असा दुखरा खांदा हाताची सुधारणा महिनोन्महिने अडवतो. सध्या हात खांद्याच्या पातळीच्या वर नेऊ नका. उठवताना तो हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका. बसले असतील तेव्हा हात लोंबता न ठेवता उशीवर किंवा टेबलावर ठेवा.

बॉलचंही तसंच. लकव्यानंतर अनेकांची बोटं आत वळून आखडतात, कठीण जातं ते मूठ उघडणं. बॉल दाबून नेमकी वळण्याचीच सवय वाढते. त्याऐवजी टेबलावर नॅपकिन पसरून तळवा त्यावर ठेवायचा आणि कोपर सरळ होईपर्यंत पुढे सरकवायचा, मग मागे. रिकामा प्लास्टिकचा पेला धरायचा, दुसरीकडे ठेवायचा आणि बोटं उघडून सोडायचा. सोडणं हाच व्यायाम. दिवसभरातली दोन कामंही त्या हाताला द्या : डावा हात झाकण फिरवत असताना डबा धरून ठेवणं आणि जेवणानंतर टेबल पुसणं.

सहा महिन्यांची धास्ती सोडा. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो, एवढं खरं. पण चालणं, ताकद आणि रोजची कामं त्यानंतरही सरावाने सुधारतात. महिन्याभरात सगळं उरकायचं म्हणून चाललेली घाईच त्यांना दोन दिवस पलंगावर पाडते आहे.

आता ‘किती’चा हिशोब. तो बऱ्या दिवसावरून करायचा नाही. बेताचाच उत्साह असलेल्या दिवशी खुर्चीतून उठ-बस करायला सांगा आणि ती कितव्या वेळी बिघडते ते पाहा. बिघडणं म्हणजे सगळा भार डाव्या पायावर जाणं, उजवा गुडघा मागे झटकणं किंवा उजवा हात छातीशी वळून वर येणं. समजा नऊ वेळा नीट जमलं. मग सुरुवात पाच किंवा सहापासून, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आठवडाभर आकडा तोच ठेवा. बरं वाटलं म्हणून वाढवायचा नाही आणि कंटाळा आला म्हणून सोडायचा नाही. आठवडा सुरळीत गेला की एक किंवा दोन वाढवा. व्यायामानंतरचा थकवा तासाभरात उतरला आणि दुसऱ्या सकाळी नेहमीसारखं वाटलं, तर माप बरोबर. लकव्यानंतरचा थकवा हा आळस नव्हे, हे मुलालाही सांगा. त्याची तळमळ खरी आहे, पण शंभरचा आकडा चुकीचा आहे.

उठ-बस कशी, हे नीट पाहा, कारण घरच्या घरी करण्यासारखा याहून उपयोगी व्यायाम नाही. जड लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको, ती फरशीवर सरकते. उठणं जड जात असेल तर घडी घातलेली सतरंजी खाली घालून बैठक उंच करा आणि जमू लागलं की काढा. पायात पकड असलेले बूट हवेत. नुसते मोजे किंवा सैल चप्पल नको. दोन्ही टाचा गुडघ्यांच्या मागे, त्यातही उजवी थोडी जास्त मागे, म्हणजे भार तिच्यावर येतो. नाक पायाच्या बोटांपुढे जाईल इतकं वाकून मग उठायचं. बसताना मनात तीन मोजत सावकाश, धपकन नाही. श्वास रोखायचा नाही, त्याने बीपी चढतं. तुम्ही उजव्या बाजूला, किंचित मागे उभ्या राहा. आधार लागलाच तर कमरेच्या पट्ट्याला धरा.

चालणं तुकड्या-तुकड्यांत ठेवा, पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. काठी डाव्या हातात. दमणं दहापैकी तीन-चार इतकंच असावं. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग वाढत नाही, म्हणून नाडीवर विसंबू नका.

व्यायामाआधी पाच मिनिटं शांत बसवून डाव्या दंडावर बीपी घ्या. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि शुगर १०० च्या खाली असेल, तर आधी थोडं खाऊ द्या. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धाप लागली तर लगेच थांबा. पोटरी सुजून गरम झाली असेल तर मालिश करू नका, दाखवून घ्या. तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय अचानक आणखी लुळा पडला, बोलणं नव्याने अडखळलं, तर वेळ पाहून ठेवा आणि १०८ लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयातच जा.

चिडण्याबद्दल. ज्या माणसाला अंघोळीपासून सगळ्यासाठी कुणाची तरी वाट पाहावी लागते, त्याला व्यायामही हुकमाने करायला लावला तर तो चिडेलच. वरच्या मापात राहून आकडा त्यांनाच ठरवू द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज उठ-बशींची संख्या आणि दहापैकी थकवा त्यांनीच लिहायचा, डाव्या हाताने वाकडातिकडा का होईना. काय साधायचं, तेही त्यांनाच विचारा. ‘हात बरा करायचा’ यापेक्षा ‘कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन दूध आणायचं’ हे मापता येतं. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तोच आकडा, भरपाई नाही. तुम्ही सकाळी एकदा विचारायचं, त्यापुढे नाही. मात्र दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, तर ती नैराश्याची लक्षणं असू शकतात. लकव्यानंतर जवळपास तिघांतल्या एकाला ते होतं आणि उपचारांनी बरं होतं. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

फिजिओथेरपिस्ट रोज परवडत नसतील तर महिन्यातून एकदा दाखवा. जिल्हा रुग्णालयातही हा विभाग असतो. कॅलेंडर सोबत न्या आणि तीन गोष्टी तपासून घ्या : खांदा किती उतरला आहे, चालताना उजवी टाच आधी टेकते की पाऊल घासतं (घासत असेल तर घोट्याला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, लागू शकते), आणि जिना एकट्याने चढायला हरकत नाही ना. तोवर जिन्यावर कठडा धरून, कुणीतरी सोबत असतानाच. चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा.