अपघाताच्या क्लेममध्ये हल्ली जास्त पैसे मिळतात हे खरं आहे का?

तुम्ही विचारलंय की मेहुणा यंत्रमागावर कामाला, वय 32, महिना 15 हजार. टेम्पोनं उडवलं आणि उजव्या हाताला 45 टक्के अपंगत्वाचा दाखला मिळालाय. लोक म्हणतात पूर्वी चार-पाच लाखांत बोळवण व्हायची, आता वीस-पंचवीस लाख मिळतात. खरं का?

खरं आहे, पण सरसकट नाही. मी सोलापूर कोर्टात क्लेमची कामं करणाऱ्या वकिलांकडे चौदा वर्षं कारकून आहे. जज्ज उदार झालेत असं काही नाही. हिशेबाची एक पद्धत आहे आणि तिच्यात सुप्रीम कोर्टानं एकेक रकाना वाढवत नेला. 2009 च्या सरला वर्मा निकालानं वयानुसार गुणक ठरले, म्हणजे वर्षाची कमाई कितीनं गुणायची तो आकडा. 31 ते 35 ला 16. 2017 च्या प्रणय सेठी निकालानं पक्की नोकरी नसलेल्यांच्या उत्पन्नातही पुढची वाढ धरायला लावली, चाळिशीच्या आत 40 टक्के. पण तो मृत्यूचा दावा होता. ही वाढ जखमींना लागू नाही म्हणून विमा कंपन्या भांडायच्या. 2020 मध्ये डेटा एंट्री करणाऱ्या, हात गमावलेल्या एका तरुणाच्या प्रकरणात तीही मिळाली.

आता खरी मेख. दाखल्यावरचे 45 टक्के हे हाताचे. कंपनीचे वकील म्हणणार, अख्ख्या शरीराचे धरा तिसरा हिस्सा, 15 टक्के. जुन्या पद्धतीनं वर्षाची कमाई 1,80,000 गुणिले 16, त्याचे 15 टक्के, म्हणजे 4,32,000. पण कोर्टानं मान्य केलं की या हातानं त्याची कमाई 60 टक्के बुडाली, आणि वर 40 टक्के वाढ धरली, तर तोच आकडा 24,19,200 होतो. दवाखान्याचा खर्च, वेदना आणि व्याज वेगळं. हात तोच, दाखलाही तोच! 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात हेच आहे: डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळपास सगळी कमाई जाते, सरकारी कारकुनाची जाईलच असं नाही.

पण हे कोर्टाला दिसायला हवं. आमच्याकडे पूर्व भागातल्या एका विणकराची केस होती. उलटतपासणीत त्याला विचारलं, "चहाचा कप उचलता ना?" तो बिचारा खरं बोलला, उचलतो म्हणाला. मग आमच्या साहेबांनी त्याच्या हातात सुताची दोन टोकं दिली आणि म्हणाले, ताण्याचा धागा तुटल्यावर मारता तशी गाठ मारा. अंगठा वळेना. दोनदा सूत खाली पडलं, तिसऱ्यांदा त्यानं दातात धरून मारली. तुटलेला धागा जागच्या जागी जोडता येत नसेल तर माग कसा चालवणार, हे कोणाला समजावून सांगायची गरजच उरली नाही. मेहुण्याच्या बाबतीत डॉक्टरांना साक्षीला बोलवा आणि नेमकं कोणतं काम जमत नाही ते त्यांच्या तोंडून येऊ द्या. नुसता दाखला जोडून भागत नाही.

दुसरी अडचण पगाराची. आपल्याकडे आठवड्याचा पगार रोख, वर उचल, आणि कारखानदार लिहून द्यायला कचरतो. पुरावा नसेल तर कोर्ट किमान वेतनाकडे बघून अंदाज धरतं. 15 ऐवजी 8 हजार धरले तर वरचे 24 लाख 12,90,240 वर येतात. पासबुकातल्या नोंदी, हिशेबाची वही, पीएफचा कागद, जे असेल ते शोधा. मालक साक्षीला आला तर उत्तमच.

लोकअदालतीत मिटवायला सांगतील. मिटवू नका असं मी म्हणणार नाही, चार-पाच वर्षं खेटे घालण्यापेक्षा बरं असतं कधी कधी. पण तिथं पहिला हात व्याजावर पडतो, तेवढं धरून आकडा बोला.

अपघात कधी झाला ते तुम्ही लिहिलेलं नाही. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात दावा लावायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. दाखल्याच्या फेऱ्यांत बराच काळ गेला असेल, तर आधी एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल घेऊन याच आठवड्यात वकील गाठा. बाकीचे कागद मागून जोडता येतात.