घरात टीव्ही नसला तरी पैसे का भरायचे?

जर्मनीत भाड्याचं घर मिळालं, पत्त्याची नोंदणी झाली, की काही आठवड्यांत कोलोनहून एक पत्र येतं : सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठी घरामागे महिना १८.३६ युरो भरा. तिकडची आपली मुलं याला ‘रेडिओ टॅक्स’ म्हणतात. या सक्तीच्या शुल्काबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देतो आहे. माझं मत आधीच सांगतो. असं शुल्क असावं. पण त्याची रक्कम ठरवणं सत्तेवर बसलेल्यांच्या मर्जीवर असेल, तर ते नसलेलंच बरं.

प्रश्न : मी आखेनला एम.एस. करतो. टीव्ही नाही, रेडिओ नाही, जर्मन अजून धड कळतही नाही. पत्राकडे दुर्लक्ष केलं तर चालेल का?

अजिबात नाही. टीव्ही आहे की नाही हा मुद्दा १ जानेवारी २०१३ लाच संपला. त्याआधी शुल्क उपकरणावर होतं आणि तपासनीस दारात येऊन चौकशी करत. आता घर तिथे शुल्क. मात्र एका घराला एकच, मग आत एक जण राहो की पाच. फ्लॅट शेअर करत असाल तर रूममेटना विचारा. त्यांच्यापैकी कुणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क-क्रमांक कळवा आणि आपापसांत वाटणी करून घ्या.

हॉस्टेलचं गणित वेगळं आहे. खोलीचं दार सगळ्यांना खुल्या असलेल्या कॉरिडॉरमध्ये उघडत असेल, तर ती एक खोली म्हणजेच एक घर धरतात. ‘बाफोग’ हे सरकारी शिक्षणसाहाय्य घेणाऱ्यांना माफी मिळते, पण आपल्या मुलांना ते सहसा मिळत नाही. व्हिसासाठी उघडलेल्या, ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये मोजकेच पैसे आहेत, एवढ्यावर सूटही मिळत नाही. पत्र बाजूला टाकलंत तर राहायला आल्याच्या महिन्यापासूनची थकबाकी लागते, वर विलंब-आकार, आणि शेवटी सक्तीची वसुली.

प्रश्न : नेटफ्लिक्सचे पैसे मी स्वखुशीने भरतो. जे बघतच नाही त्याचे पैसे काढून घेणं ही जबरदस्ती नाही का? (सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्युनिक)

जबरदस्तीच आहे, आणि तिला गोंडस नाव देऊ नये. ती कशासाठी आहे, एवढंच तपासायचं. सोसायटीत तळमजल्यावर राहणाराही लिफ्टचा मेंटेनन्स भरतो. जर्मनीच्या घटनान्यायालयाने जुलै २०१८ च्या निकालात याच्या जवळ जाणारी भूमिका घेतली : पैसे कार्यक्रम बघितल्याचे नाहीत, तो बघता येतो या सोयीचे आहेत. त्याच निकालात एकाच माणसाकडून दुसऱ्या घरासाठी पुन्हा शुल्क घेणं मात्र न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. एका वेळी दोन घरांत बसून कुणी टीव्ही बघत नाही.

वर्गणीवर चालणारी सेवा वर्गणीदाराला आवडेल ते करते, आणि त्यात गैर काही नाही. पण पूर्व जर्मनीत सोर्बियन नावाची छोटी स्लाव भाषा आहे. तिच्यात रोज रेडिओ कार्यक्रम होतात ते या शुल्कातून. वर्गणीच्या हिशेबात ती भाषा कधीच बसणार नाही. आणि तुम्ही बातम्या बघत नसलात तरी तुमच्या शहराचा कारभार करणाऱ्यांना कुणीतरी प्रश्न विचारतंय, याचा उपयोग तुम्हालाही होतोच.

प्रश्न : कायद्याने वसुली म्हणजे सरकारच मालक. मग ती वाहिनी सरकारविरुद्ध बोलणार कशी? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

बाई, आलेल्या सगळ्या पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. जर्मनांनी याचं उत्तर फार मोठी किंमत मोजून शोधलं आहे. नाझी राजवटीत रेडिओ गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाकडे होता. घराघरात सरकारचा आवाज पोचावा म्हणून मुद्दाम स्वस्त रेडिओ संच बाजारात आणले गेले. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी ठरवलं की नवा रेडिओ सरकारच्या हाती द्यायचा नाही. हॅम्बर्गला ब्रिटिश विभागातलं नभोवाणी केंद्र उभं केलं बीबीसीच्या ह्यू ग्रीन यांनी. पुढे ते बीबीसीचेच महासंचालक झाले.

तरीही मोह सुटला नाही. चॅन्सलर आडेनाउअर यांनी केंद्र सरकारच्या हातातली टीव्ही कंपनी काढायचा घाट घातला. २८ फेब्रुवारी १९६१ रोजी घटनान्यायालयाने तो उधळून लावला : प्रसारण राज्यांच्या अखत्यारीत, आणि सरकारच्या ताब्यात तर नाहीच. मार्च २०१४ मध्ये झेडडीएफ वाहिनीच्या बाबतीत न्यायालयाने आणखी बजावलं की देखरेख मंडळांवर सरकार आणि पक्षांशी संबंधित माणसं एक तृतीयांशाहून जास्त नकोत.

आता पैशाचं बघा. वर्षाला सुमारे ९०० कोटी युरो जमतात, आणि ते सरकारी तिजोरीतून फिरत नाहीत. किती पैसे लागतील ते प्रसारणसंस्था सांगतात. १६ तज्ज्ञांचा एक स्वतंत्र आयोग त्या मागणीची छाननी करून रक्कम सुचवतो. सगळ्या १६ राज्यांच्या विधिमंडळांनी ती मान्य करायची असते, पण कार्यक्रम आवडले नाहीत म्हणून हात आखडता घेण्याची मुभा त्यांना नाही. २०२० च्या डिसेंबरात झाक्सेन-आनहाल्ट या एकाच राज्याने ८६ सेंटची वाढ अडवली. पुढच्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती लागू केली, म्हणून आज आकडा १८.३६ आहे.

ही घडी पक्की बसली आहे असं मात्र समजू नका. आयोगाने जानेवारी २०२५ पासून १८.९४ युरो सुचवले, ते राज्यांनी वेळेत मंजूर केले नाहीत. एआरडी हा प्रादेशिक प्रसारणसंस्थांचा संघ आणि झेडडीएफ नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा न्यायालयात गेल्या. शिवाय बर्लिनच्या आरबीबी या संस्थेच्या प्रमुखांना २०२२ मध्ये उधळपट्टीच्या आरोपांवरून पद सोडावं लागलं. लोकांच्या सक्तीच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत हे झालं याचा राग येणं रास्त आहे, मलाही आला. पण त्यावर उपाय कडक हिशेब तपासणीचा आहे. त्या निमित्ताने मंत्र्याच्या हाती किल्ली जाऊ नये.

प्रश्न : लेस्टरला आमच्याकडे सासू-सासरे राहतात, दोघंही पंचाहत्तरीपुढचे. ते फक्त मराठी मालिका बघतात, त्याही ॲपवर. टीव्ही लायसन्स लागतं का?

ब्रिटनचा नियम जर्मनीसारखा नाही. तिथे काय बघता यावर ठरतं. नंतर सवडीने बघायच्या मालिकांना लायसन्स लागत नाही. पण कुठलीही वाहिनी थेट चालू असताना बघितली, मग ती भारतातली का असेना आणि फोनवर का असेना, तर लागतं. बीबीसीच्या आयप्लेअर या ॲपला तर लागतंच. एप्रिल २०२५ मध्ये दर वर्षाला १७४.५० पौंड झाला होता. पंचाहत्तरीनंतर सरसकट मिळणारी माफी ऑगस्ट २०२० मध्ये बंद झाली. आता पेन्शन क्रेडिट हे कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीचं सरकारी साहाय्य मिळत असेल तरच ती मिळते.

प्रश्न : बंगल्यात राहणारा आणि एका खोलीत राहणारा दोघंही तेवढेच पैसे भरणार, हा कुठला न्याय?

इथे शुल्काची बाजू लंगडी आहे. जर्मनीत मूलभूत सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांना माफी आहे आणि गंभीर अपंगत्व असलेल्या काहींना एक तृतीयांश दर लागतो. पण कसंबसं भागवणारा कामगार कुठल्याच यादीत बसत नाही. फिनलंडने २०१३ पासून उत्पन्नाच्या प्रमाणात कर बसवला. कमी कमावणारा काहीच भरत नाही आणि श्रीमंतासाठी वरची मर्यादा आहे. मला ही पद्धत जास्त पटते. फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोंचं शुल्कच रद्द करून व्हॅटच्या उत्पन्नातला वाटा दिला. घरांना दिलासा मिळाला, पण आता रक्कम दरवर्षीच्या अर्थसंकल्पाच्या राजकारणात अडकली.

ब्रिटनमध्ये तर लायसन्स न घेता टीव्ही बघणं हा फौजदारी गुन्हा आहे, दंड १००० पौंडांपर्यंत. आणि दोषी ठरणाऱ्यांत निम्म्याहून कितीतरी जास्त स्त्रिया असतात, कारण तपासनीस येतो तेव्हा दार बहुधा बाईच उघडते. थकलेलं वीजबिल वसूल करतात तसं हे वसूल करावं. त्यासाठी कुणाला आरोपी करणं मला मुळीच मान्य नाही.

प्रश्न : आकाशवाणी-दूरदर्शनसाठी असं शुल्क भारतात आणावं का? (वाचक, पुणे)

आपल्याकडे ते होतं. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. तिची मदार वर्षाला १० रुपयांच्या रेडिओ लायसन्सवर होती. लायसन्सधारक काही हजारच निघाले. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने रेडिओ हाती घेतला. पुढे सत्तरच्या दशकात पोस्टात जाऊन रेडिओचे १५ आणि टीव्हीचे ५० रुपये भरलेले अनेकांना आठवत असतील. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते बंद झालं.

पण एक गोष्ट विसरू नये. आणीबाणीतही लोक लायसन्सचे पैसे भरत होते, आणि आकाशवाणी फक्त सरकारची बाजू सांगत होती. नुसतं शुल्क असून काही साधत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नको. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, तो अमलात यायला १९९७ उजाडलं. आजही कर्मचाऱ्यांच्या पगाराचा मोठा भार केंद्राच्या अनुदानावर आहे.

म्हणून आजच्या घडीला माझं उत्तर ‘नाही’. आधी मंत्रालयाबाहेरचा, कायद्याने संरक्षण दिलेला आयोग हवा. रक्कम त्याने ठरवावी, नेमणुकांवर सरकारचा वरचष्मा नसावा आणि हिशेब लोकांसमोर यावा. एवढं झालं तर इटलीने २०१६ मध्ये केलं तसं विजेच्या बिलातून छोटं शुल्क घेता येईल. कमी वीज वापरणाऱ्या घरांना पूर्ण माफी द्यावी. महावितरणच्या बिलातला तो आकडा मी आनंदाने भरेन. रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या आकाशवाणी केंद्राने स्थानिक कारभाऱ्यांना अडचणीचे प्रश्न विचारलेले मला ऐकायचे आहेत. पुणे केंद्राच्या सकाळच्या प्रादेशिक बातम्यांत मंत्र्यांच्या कार्यक्रमांबरोबर त्यांच्या चुकाही यायला हव्यात.

प्रश्न : स्टुटगार्ट सोडून कायमचे नागपूरला परततो आहोत. नगरपालिकेत पत्ता रद्द केला, तेवढं पुरे ना?

पुरे नाही. शुल्क-कार्यालयाला वेगळं कळवावं लागतं, नाहीतर खातं चालूच राहतं आणि थकबाकी साठत जाते. पत्ता रद्द केल्याचा दाखला जोडून निघण्यापूर्वी अर्ज करा. खात्यातून पैसे आपोआप जात असतील तर कार्यालयाकडून पुष्टीचं पत्र येईपर्यंत बँक खातं बंद करू नका.