७२ वर्षांच्या वडिलांना पक्षाच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्याला जाऊ द्यावं का?

तुम्ही विचारलंय की वॉर्डातल्या मेळाव्याला वडील जायचं म्हणतात, त्याचा काही उपयोग असतो की नुसती गर्दी जमवतात. गर्दी जमवतातच. तरी जाऊ द्या.

मी नाशिकचा, वय ७०. अंबडच्या एका कारखान्यात ३० वर्षं मशीनवर उभं राहून काढली, २०१२ मध्ये निवृत्त झालो. ईपीएस-९५ ची, म्हणजे खासगी नोकरीतल्यांच्या भविष्य निर्वाह निधीतली पेन्शन येते २,१४० रुपये. तिला महागाई भत्ता नाही, त्यामुळे तेव्हा जो आकडा होता तोच आज आहे. माझ्याच पाळीतल्या एका मित्राला बाराशे मिळतात आणि त्याच्या बायकोचं इन्सुलिन चालू आहे.

२०२४ च्या विधानसभेआधी, आचारसंहिता लागायच्या आत, आमच्याकडे मंगल कार्यालयात असा मेळावा झाला. चारला बोलावलं, नेते आले साडेसहाला. तोवर म्हातारी माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ताटकळत बसलेली. मग हारतुरे, शाल, श्रीफळ. राज्याच्या ज्येष्ठांसाठीच्या योजना, म्हणजे यात्रेसाठी तीर्थदर्शनाचे माणशी ३० हजारांपर्यंत, चष्मा-श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी वयोश्रीचे ३,००० असं सगळं सांगून झालं. प्रश्न विचारा म्हणाले म्हणून मी उभा राहिलो. म्हटलं, किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयांवरच आहे, रेल्वेची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, यावर तुमच्या पक्षाचं म्हणणं काय? वाक्य पुरं व्हायच्या आत एका पोराने हातातला माईक काढून घेतला. "आजोबा, बसा, चहा येतोय."

नातवाने आजोबा म्हटलं की बरं वाटतं. ह्या आजोबात तसं काही नव्हतं. शेजारच्यांनी माना खाली घातल्या, मी बसलो.

घरी आलो तर मुलगा म्हणाला, "कशाला जाता बाबा? शाल हवी होती तर मी आणली असती." ती शाल मी आजवर अंगावर घेतलेली नाही. पण मी शालीसाठी गेलो होतो असं त्याला वाटलं कसं, हे मात्र अजून सलतं.

पुढच्या वेळी सकाळच्या कट्ट्यावरचे आम्ही सहाजण मिळून गेलो. एकच विषय ठरवला: दवाखान्याच्या रस्त्यावरचे बंद दिवे. त्या अंधारात आमच्यातली एक बाई पडून तिचं मनगट मोडलं होतं. अर्जाच्या दोन प्रती नेल्या, एक व्यासपीठावर दिली, दुसरीवर तारखेसह सही घेतली. एकजण बोलला, पाचजण त्याच्या बाजूने उभे राहिले. ह्या वेळी माईक कोणी काढून घेतला नाही. तीन आठवड्यांत दिवे लागले.

पेन्शन काही हलली नाही. तो विषय केंद्राचा, तिथे खासदारालाच गाठावं लागतं, नगरसेवकाच्या हातात ते नसतं हे मला उशिरा कळलं. पण तेवढ्यावरून माईक हिसकावणं बरोबर ठरत नाही.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं. तिथे आधारची झेरॉक्स कोणाला देऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर नाहीच. घरून मतदान ८५ च्या पुढच्यांना आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना आहे, तेही निवडणूक कार्यालयाच्या १२-ड अर्जावर, त्यामुळे नुसत्या ७२ वयावर कोणी तसं करून देतो म्हणाला तर ऐकू नका. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड मात्र करून घ्या, पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत आणि उत्पन्नाची अट नाही. वडिलांना साखर असेल तर खिशात बिस्किटं द्या.

पण तुमचा प्रश्न वाचून मला आमच्याच घरातलं बोलणं ऐकू आलं, म्हणून एवढं लिहिलं. वडिलांना कशाला जाता असं विचारू नका. तिथे काय विचारणार आहात, असं विचारा आणि ते कागदावर लिहून द्या. गाडीवरून दारात सोडून निघून येऊ नका. तास-दोन तास जातील, जाऊ देत. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसा, आणि ते बोलायला उभे राहिले की तुम्हीही उभे राहा.