स्लिंग आणि कॅराबिनर निवडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी तीन वर्षांपासून सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो आहे. बेसिक कोर्स झाला आहे आणि तेलबैलाची भिंत, ड्यूक्स नोज व वानरलिंगी येथे सेकंड म्हणून, म्हणजे पुढच्या आरोहकाने वरून धरलेल्या दोरावर, चढलो आहे. येत्या हिवाळ्यापासून चॉकनट (भेगेत अडकवायची, तार लावलेली धातूची पाचर) आणि पिटॉन (भेगेत ठोकायचा खिळा) वापरून स्वतः लीड करण्याची, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढण्याची, इच्छा आहे. दुकानात नायलॉनच्या रुंद आणि डायनीमा या दुसऱ्या कृत्रिम धाग्याच्या अरुंद अशा दोन्ही स्लिंग्ज (पट्टीचे बंद वेढे) मिळतात आणि दोन्हींवर २२ किलोन्यूटन हाच आकडा असतो. मग नेमके काय पाहून निवड करावी? कोणत्या लांबीच्या आणि किती घ्याव्यात?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आकडा सारखा दिसतो, कारण ईएन ५६६ या युरोपीय मानकानुसार शिवून तयार केलेल्या प्रत्येक स्लिंगने किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २,२४० किलो वजनाइतका ताण सोसावा लागतो. याचाच अर्थ असा की मानक पूर्ण करणाऱ्या दोन नव्या स्लिंग्जमध्ये केवळ आकड्यावरून निवड करता येत नाही. एखाद्या स्लिंगवर २४ लिहिलेले असले, तरी तिच्या एका टोकाला असलेल्या लहान चॉकनटची तार चार-पाच किलोन्यूटनलाच तुटणार असेल, तर त्या वाढीव दोनचा आपल्याला काहीच उपयोग नसतो.

माझ्या मते कापडाआधी लांबीचा विचार करावा. आपला बेसाल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झालेला असल्यामुळे आपल्या कड्यांवर आडव्या कडा, लहानमोठे टप्पे आणि त्यांच्या खाली लपलेले ओव्हरहँग (पुढे झुकलेले खडक) फार असतात, आणि उभी, सलग, चॉकनट बसेल अशी भेग त्या मानाने कमी सापडते. आरोहक मग भेग जिथे आहे तिथे जातो, डावीकडे दोन मीटर, पुन्हा उजवीकडे, पुन्हा एका टप्प्यावरून वर, आणि त्याच्या मागे दोरही तसाच नागमोडी होत जातो. चॉकनट आणि दोर यांच्यातील जोडणी आखूड असेल, तर दोर प्रत्येक वळणावर घासतो आणि तीस मीटरनंतर तो वर ओढणे जिवावर येते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ताणलेला दोर सरळ होऊ पाहतो आणि सरळ होताना चॉकनटला बाहेर आणि वरच्या दिशेने खेचतो. खालच्या दिशेने ओढ बसल्यावर घट्ट होणारा चॉकनट वरच्या ओढीने अलगद निसटतो. लीड करण्याच्या माझ्या पहिल्याच मोसमात, मी एका आडव्या टप्प्यावर असताना, बिले देणाऱ्या (दोर धरून मला सांभाळणाऱ्या) मित्राने खालून हाक मारून सांगितले की मी लावलेला पहिला चॉकनट दोरावरून घसरत त्याच्या हातापर्यंत आला आहे. त्या वेळी माझ्या आणि जमिनीच्या मध्ये फक्त एक पिटॉन उरला होता. चॉकनट चांगला बसला होता, चूक होती ती मी लावलेल्या बोटभर लांबीच्या क्विकड्रॉची (दोर अडकवायच्या आखूड तयार जोडणीची).

म्हणून तीस ते चाळीस मीटरच्या लीडसाठी ६० सेंटिमीटरच्या आठ ते दहा, १२० सेंटिमीटरच्या दोन-तीन आणि स्टेशन (लीडच्या शेवटी स्वतःला अडकवून थांबण्याची जागा) बांधण्यासाठी २४० सेंटिमीटरची एक स्लिंग असा संच मी सुचवेन. ६० ची स्लिंग दोन कॅराबिनरमध्ये (गेट म्हणजे उघडझाप होणारी बाजू असलेल्या धातूच्या कड्यांमध्ये) तीनपदरी करून हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) लटकवता येते. हवी तिथे ती आखूड वापरावी आणि दोर वळत असेल तिथे एका कॅराबिनरमधून तीनपैकी कोणतेही दोन पदर सोडवून ती पूर्ण लांब करावी. ही हालचाल घरी एका हाताने, दोन्ही हातांनी आळीपाळीने, न पाहता जमेपर्यंत करून ठेवावी. १२० ची स्लिंग खडकाच्या शिंगाला किंवा भेगेत रुजलेल्या उंबराच्या बुंध्याला घालण्यासाठी लागते. ती शिंगाभोवती ताणून बसवू नये. दोन बाजूंमधील कोन ६० अंशांपर्यंत असेल तर प्रत्येक बाजूवर एकूण भाराच्या साधारण ५८ टक्के ताण येतो, पण कोन १२० अंश झाला की प्रत्येक बाजूवर पूर्ण भाराइतका ताण येतो. लांब स्लिंग घेतली की हा प्रश्न आपोआप सुटतो.

आता कापडाविषयी. डायनीमा हलके असते, पाणी शोषत नाही आणि ११ मिलिमीटरची अरुंद पट्टी खडकातल्या बारीक छिद्रातूनही ओवता येते. ६० च्या दहा स्लिंग्ज अंगावर घेऊन चढताना या हलकेपणाचे महत्त्व कळते. परंतु तिचे तीन दोष लक्षात ठेवलेच पाहिजेत. ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे धक्का शोषून घेत नाही. ती गुळगुळीत असल्यामुळे तिच्यात मारलेली गाठ सरकू शकते आणि गाठीमुळे तिची ताकद निम्म्याच्या आसपास येऊ शकते. शिवाय ती सुमारे १४५ अंश सेल्सिअसलाच वितळते, तर नायलॉन त्याच्या प्रकारानुसार सव्वादोनशे ते अडीचशे अंशांपर्यंत टिकते. यावरून माझा सल्ला असा आहे की लीडमधील जोडण्यांसाठी डायनीमा खुशाल घ्यावी, कारण तिथे पडण्याचा धक्का दोर शोषून घेतो. प्रुसिकसारख्या, दोराला घट्ट पकडणाऱ्या घर्षणाच्या गाठींसाठी मात्र सहा मिलिमीटरची नायलॉनची दोरी वापरावी आणि गाठी मारून स्टेशन बांधायचे असेल तर तिथे नायलॉनची स्लिंग घ्यावी.

स्टेशनवर स्वतःला अडकवण्यासाठी सर्वांत चांगली गोष्ट आपल्या कमरेला आधीच बांधलेली असते, ती म्हणजे चढाईचा दोर. अनेक जण आखूड स्लिंगने स्वतःला अडकवतात आणि मग फोटोसाठी किंवा सामान घेण्यासाठी स्टेशनच्या वर एक-दोन पावले चढतात. तिथून पाय सुटला तर पडण्याचे अंतर मीटरभरच असते, पण मध्ये दोर नसल्यामुळे सगळा धक्का न ताणणाऱ्या पट्टीवर येतो. अशा प्रकारच्या चाचण्यांमध्ये गाठ असलेल्या डायनीमाच्या नव्या स्लिंग्जही तुटलेल्या आहेत. स्लिंगने अडकलेले असताना ती नेहमी ताणलेली राहिली पाहिजे आणि आपण स्टेशनच्या खालीच राहिले पाहिजे.

आणखी एक सूचना : चॉकनटच्या तारेला स्लिंग थेट ओवून फास घालू नये. बारीक तार पट्टीला सुरीसारखी कापते. मध्ये कॅराबिनर हवाच.

प्रश्न : कॅराबिनरवर तीन आकडे कोरलेले असतात, त्यांचा अर्थ काय? आमच्या ग्रुपमधील ज्येष्ठ सदस्य स्टीलचे कॅराबिनर घ्यायला सांगतात, तर दुकानदार तारेच्या गेटचे अॅल्युमिनियमचे. लीडसाठी काय योग्य?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिला आकडा लांबीच्या दिशेने गेट बंद असतानाचा, दुसरा आडव्या दिशेचा आणि तिसरा गेट उघडे असतानाचा असतो. ईएन १२२७५ या मानकानुसार साध्या म्हणजे प्लेन कॅराबिनरसाठी हे आकडे किमान २०, ७ आणि ७ किलोन्यूटन, नासपतीच्या आकाराच्या एचएमएस कॅराबिनरसाठी २०, ७ आणि ६, तर लंबगोल कॅराबिनरसाठी १८, ७ आणि ५ असावे लागतात. सगळे जण पहिला आकडा वाचतात. लीडसाठी घेताना मी तिसरा आधी वाचतो. त्याचे कारण असे की आरोहक पडतो तेव्हा सर्वांत वरच्या बिंदूवर आरोहकाची ओढ आणि बिले देणाऱ्याची ओढ यांची बेरीज येते, आणि नेहमीच्या पडण्यातही ती पाच-सहा किलोन्यूटनपर्यंत सहज जाऊ शकते. वीसपर्यंत ती प्रत्यक्षात क्वचितच पोहोचते, सातच्या जवळ मात्र पोहोचू शकते. म्हणजे कॅराबिनर तुटायचा असेल तर तो बहुधा गेट उघडे असताना किंवा आडवा ओढला गेल्यावरच तुटेल.

गेट आपोआप कसे उघडते, असे आपण विचाराल. दोर वेगाने सरकताना कॅराबिनर थरथरतो, किंवा तो खडकावर आपटतो, आणि गेट स्वतःच्या जडत्वामुळे क्षणभर उघडते. तारेच्या गेटचे वजन कमी असल्यामुळे हा धोका कमी होतो, म्हणून दुकानदाराचा सल्ला या बाबतीत बरोबर आहे. तारेच्या गेटचा एक कॅराबिनर तीस-पस्तीस ग्रॅमचा असतो, तर स्टीलचा दोनशे ग्रॅमच्या आसपास जातो. वीस कॅराबिनर घेऊन चढणाऱ्याला हा फरक किती जड जातो, हे वेगळे सांगायला नको. स्टीलचे कॅराबिनर टाकाऊ मात्र नाहीत. शिबिरात दिवसभर टॉप रोपवर (वरून लावलेल्या दोरावर) पन्नास मुले चढणार असतील किंवा व्हॅली क्रॉसिंगचा (दरी ओलांडण्याचा) दोर ताणायचा असेल, तर घर्षणाने लवकर न झिजणारे स्टीलच हवे. आपल्या ज्येष्ठांनी त्यांचा अनुभव अशा कामातून घेतला असावा आणि त्या कामापुरते ते योग्यच सांगत आहेत.

संचाविषयी सांगायचे तर प्रत्येक ६० च्या स्लिंगला दोन प्लेन कॅराबिनर आणि त्याखेरीज पाच-सहा स्क्रू कॅराबिनर (गेट स्क्रूने पक्के बंद होणारे) घ्यावेत. स्क्रूपैकी निदान दोन एचएमएस असावेत, कारण बिले देताना किंवा इटालियन हिच ही बिलेची गाठ घालताना दोराला रुंद माथा लागतो. एक कॅराबिनर पिटॉन किंवा बोल्टच्या बाजूला आणि दुसरा दोराच्या बाजूला, असे रंगाने ठरवून टाकावे आणि ते बदलू नयेत. पिटॉनच्या कडेने अॅल्युमिनियमवर ओरखडे उठतात आणि तेच ओरखडे पुढे दोराचे कवच फाडतात. कॅराबिनर टप्प्याच्या कडेवर आडवा टेकत असेल तर तिथे लांब स्लिंग घालून तो कडेच्या खाली मोकळा लटकेल असे करावे. कडेवर वाकणाऱ्या कॅराबिनरच्या बाबतीत कोरलेल्या तिन्ही आकड्यांपैकी एकही लागू पडत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेकडे मीटरवर विकत घेतलेली, टेप नॉट ही गाठ मारलेली नायलॉनची टेप (पट्टी) आहे. ती बारा वर्षांपूर्वीची आहे, पण फारशी वापरलेली नाही. ती चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : चालणार नाही. बहुतेक उत्पादक कापडी साधनांसाठी, ती न वापरता ठेवली तरी, निर्मितीपासून जास्तीत जास्त दहा वर्षांची मर्यादा देतात. रंग उडालेला, कडक झालेला, धागे पिसारलेले किंवा वितळून चकाकी आलेला भाग दिसला, तर एका वर्षाची टेपही बाद करावी. सुळक्यांच्या माथ्यावर आधीच्या चमूंनी सोडलेल्या पांढुरक्या पट्ट्या दिसतात, त्यांचेही तसेच. ऑक्टोबर ते मे त्या उन्हात असतात आणि त्यानंतर चार महिने पावसात. अशा पट्टीवर रॅपलिंग करू नये (दोर लावून खाली उतरू नये), स्वतःची नवी टेप घालावी आणि ती तिथेच सोडून यावी.

नवी टेप मीटरवर घ्यायला हरकत नाही. खडकाच्या आरपार छिद्रातून ओवून नंतर गाठ मारण्याची सोय शिवलेल्या स्लिंगमध्ये नाही. टेपवर विणलेली प्रत्येक समांतर खूणरेषा ५ किलोन्यूटन दर्शवते, तेव्हा तीन रेषा असलेली घ्यावी. टेप नॉट वारंवार ताण पडून सैल पडून हळूहळू सरकते, म्हणून दोन्ही शेपट्या निदान आठ सेंटिमीटरच्या ठेवाव्यात आणि प्रत्येक चढाईपूर्वी त्या मोजून पाहाव्यात. सरकता दोर टेपमधून थेट कधीही नेऊ नये. एकाच जागी दोर घासत राहिला तर नायलॉन काही सेकंदांत वितळून तुटते.

प्रश्न : स्लिंगमधील कॅराबिनर फिरू नये म्हणून त्यावर रबर लावावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शिवलेल्या आखूड क्विकड्रॉवर, दोराच्या बाजूला, उत्पादकाने दिलेले रबर ठीक आहे, मात्र कॅराबिनर शिवलेल्या फासातून गेलेला आहे याची खात्री रबर बाजूला सरकवून करावी. २०१३ मध्ये फ्रान्समधील ओर्पिएर येथे बारा वर्षांच्या एका इटालियन मुलाचा मृत्यू झाला, तो चुकीच्या पद्धतीने जोडलेल्या क्विकड्रॉंमुळे. त्यांतील कॅराबिनर पट्टीत नव्हे, फक्त रबरात अडकलेले होते. ६० किंवा १२० च्या मोकळ्या स्लिंगवर रबर अजिबात लावू नये. ती तीनपदरी करताना किंवा लांब करताना एखादा पदर कॅराबिनरवरून उलटा फिरला, की सगळी जोडणी वरून नीट दिसत राहते आणि प्रत्यक्षात रबराच्या एका पातळ कड्यावर टांगलेली असते. फिरणारा कॅराबिनर हाताने सरळ करता येतो, आणि दोर अडकवण्यापूर्वी तेवढा एक क्षण द्यावा.