रिडली स्कॉटच्या 'रॉबिन हूड'मध्ये दाखवलेली सुरुवात मूळ कथेतली आहे का?

नाही. रसेल क्रोचा रॉबिन (2010) जवळजवळ पूर्ण चित्रपटभर सैनिकच राहतो आणि जंगलात पोचतो तोवर चित्रपट संपतो, हे कसं, असं तुम्ही विचारलंय. ती पूर्वकथा पटकथाकारांनी रचलेली आहे. जुन्या इंग्रजी कथागीतांना पूर्वकथेची गरजच वाटली नव्हती. 1500च्या सुमारास छापलेल्या मोठ्या कथागीतात रॉबिन पहिल्या ओळीपासून दरोडेखोरच आहे. का झाला, कोणी अन्याय केला, काही सांगितलेलं नाही. रॉबिनची प्रेयसी मॅरियन नाही, राजाही रिचर्ड नसून एडवर्ड, आणि अड्डा यॉर्कशरमधल्या बार्न्सडेलला.

त्यातला प्रसंग मात्र भन्नाट आहे. पाहुणा आल्याशिवाय रॉबिन जेवत नाही. पकडून आणलेला एक सरदार सांगतो, माझ्याकडे फक्त दहा शिलिंग आहेत. झडती घेतल्यावर तेवढेच निघतात. जमीन यॉर्कच्या मठाकडे गहाण पडलेली. रॉबिन त्याला चारशे पौंड उसने देतो. जामीन कोण, तर माता मेरी! वर कापडही देतो, आणि त्याचा साथीदार लिटल जॉन ते धनुष्याने मोजताना दर मापाला हात सैल सोडतो. पुढे त्याच मठाचा साधू 'वीस मार्कच (सुमारे तेरा पौंड) आहेत' म्हणून खोटं बोलतो आणि सापडतात आठशे पौंडांहून जास्त. रॉबिन म्हणतो, मेरीने दुप्पट फेडले. गरीब-श्रीमंत हा हिशेब नंतरचा. इथे खरं बोलणारा सुटतो आणि खोटं बोलणारा लुटला जातो.

रॉबिनला उमराव बनवलं 1598च्या नाटकांनी. स्कॉटने त्याला पुन्हा सामान्य तिरंदाज केलं, हे मला आवडलं. जुन्या गीतांच्या जवळचं तेच. पण मग चित्रपटात त्याचे वडील गवंडी, शिवाय जनतेच्या हक्कांची सनद लिहिणारे विचारवंत, हे कशाला? चोराला देशभक्त केल्याशिवाय निर्मात्यांना चैन पडत नसावं. चित्रपटात चोरी म्हणाल तर यॉर्कला निघालेलं बियाण्याचं धान्य रात्री पळवतात, तेवढीच.

इतिहासही सरमिसळ आहे. रिचर्ड 1199 मध्ये फ्रान्समधल्या शालूच्या वेढ्यात बाण लागून मेला, हे खरं. पण चित्रपटात त्यानंतर लगेच येणारी फ्रेंच फौज प्रत्यक्षात इंग्लंडला उतरली 1216 मध्ये, तीही रिचर्डनंतरचा राजा जॉन याच्यावर चिडलेल्या सरदारांच्याच बोलावण्यावरून. राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, मॅग्ना कार्टा, त्याच्या आदल्या वर्षीची. रॉबिनच्या कथेला खरं तर 1217ची जंगल-सनद जास्त शोभली असती: राजाचं हरीण मारल्याबद्दल कोणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही, असं त्यात होतं. ती कोणी पडद्यावर आणली तर मी पहिल्या दिवशी जाईन.

2018चा टॅरन एजर्टनचा 'रॉबिन हूड' बघायचं ठरवत असाल तर सोडून द्या. त्यात धर्मयुद्धात बाण मशीनगनसारखे सुटतात आणि रॉबिन पुन्हा उमराव होतो.