उंदरांच्या मूत्रात मेटाबोलाइट सापडत नाहीत? पाण्याचा थर ओतून देऊ नका

आयबुप्रोफेन दिलेल्या उंदरांचे चोवीस तासांचे मूत्र पीएच न बदलता डायएथिल इथरबरोबर हलवले, त्यात मूळ औषधाचा अंश तेवढा दिसला, मेटाबोलाइट, म्हणजे शरीरात औषधापासून बनणारे पदार्थ, एकही मिळाले नाही. तेव्हा नव्या उंदरांसाठी नीतिसमितीकडे अर्ज करावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते उंदरांनी आपले काम चोख केले आहे आणि तुम्हाला हवे होते ते पाण्याच्या थराबरोबर सिंकमध्ये गेले आहे. मुंबईतल्याच एका प्रयोगशाळेत उमेदवारीच्या काळात मीही हे केले आहे.

यकृत औषधाच्या रेणूला हायड्रॉक्सिल किंवा कार्बॉक्सिल गट देते, पुढे ग्लुकुरोनिक आम्लाशी त्याची सांगड घालते आणि त्याला पाण्यात राहण्याजोगे बनवते. त्यामुळे जे द्रावक मूळ औषध सहज उचलते, ते मेटाबोलाइटसाठी अपुरे पडते. शिवाय आयबुप्रोफेनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू विद्युतभारित असतात तो) साधारण ४.५ असल्याने मूत्राचा पीएच ६.५ असेल, तर खुद्द औषधाचेही जेमतेम १ टक्का रेणू विद्युतभाररहित असतात आणि इथरमध्ये प्रामुख्याने तेच उतरतात. म्हणून आधी आम्ल घालून पीएच २ च्या आसपास आणा आणि एथिल ॲसिटेट वापरा. कार्बॉक्सी-आयबुप्रोफेन या मेटाबोलाइटमध्ये दोन आम्लगट असल्यामुळे हेक्झेनसारख्या अध्रुवीय द्रावकाच्या वाटेला जाऊ नये. द्रावक एकदम ओतण्यापेक्षा वाटे करून वापरावे: वितरण गुणोत्तर (द्रावकातली संहती भागिले पाण्यातली संहती) ३ धरले, तर मूत्राइतक्याच द्रावकाने एकदा हलवल्यास ७५ टक्के पदार्थ मिळतो, तेच द्रावक तीन समान वाट्यांत वापरल्यास ८७.५ टक्के.

ग्लुकुरोनाइडचा, म्हणजे ग्लुकुरोनिक आम्लाशी सांगड घातलेल्या रेणूंचा, प्रश्न मात्र एवढ्याने सुटत नाही. नमुन्याचे दोन भाग करा. एक थेट आम्लयुक्त करून द्रावकात काढा, दुसऱ्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालून अर्धा तास ठेवा, मग आम्लयुक्त करून तसाच काढा. दोन्हींतला फरक म्हणजे साधारणपणे सांगड घातलेला भाग. पॅरासिटामॉलच्या ग्लुकुरोनाइडला हा उपाय चालत नाही, तिथे बीटा-ग्लुकुरोनिडेज हे विकर लागते. आयबुप्रोफेनचे ग्लुकुरोनाइड एस्टर जातीचे असल्याने अल्कलीत तुटते. याच गुणामुळे ते घातही करते, कारण मेटाबोलिक केजखालच्या (मूत्र वेगळे गोळा करणाऱ्या पिंजऱ्याखालच्या) बाटलीत मूत्र दिवसभर उबेत राहून अल्कधर्मी झाले, की ग्लुकुरोनाइड आपोआप तुटून पुन्हा औषध दिसू लागते. बाटली बर्फात ठेवा आणि गोळा झालेले मूत्र लगेच सौम्य आम्लधर्मी करा.

इथर तुम्ही सोडलेलाच बरा. त्याचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत सेपरेटरी फनेल (दोन थर वेगळे करायचे तोटीचे पात्र) दोनदा उलटे केले, की आतल्या दाबाने बूच हाताला ढकलू लागते. आणि पावसाळ्यात नायट्रोजनच्या झोताने द्रावक उडवताना थंड झालेल्या नळीवर हवेतले पाणी जमते, तेव्हा नळी कोमट पाण्यात ठेवूनच नायट्रोजन सोडावा.

औषध न दिलेल्या उंदराच्या मूत्रावरही हीच सारी प्रक्रिया करून ते सोबत तपासा, नाहीतर आहारातले पदार्थ मेटाबोलाइट म्हणून मिरवतील. उरलेले मूत्र फ्रीजरमध्ये असेल, तर आधी त्यावरच हे सारे करून पाहा. अर्जाचा विचार त्यानंतर.